‘जाईल आपोआप’ म्हणणाऱ्यांनी वाचावा असा एक जुना पेपर

बाळंतपणाला काही महिने होऊन गेले तरी खोकताना, शिंकताना, हसताना लघवीचे थेंब जातात. असं सांगणाऱ्या बाईला बहुतेकदा दोनच उत्तरं मिळतात: ‘होतं असं, जाईल आपोआप’, नाहीतर ‘किगल करा’. आजचा पेपर या दोन्ही उत्तरांची परीक्षा घेतो, म्हणून जुना असूनही निवडलाय.

आधी थोडी ओळख. पेल्व्हिक फ्लोअर म्हणजे ओटीपोटाच्या तळाशी झोळीसारखे ताणलेले स्नायू. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय यांना खालून आधार यांचाच. गरोदरपणात आणि प्रसूतीत हे स्नायू ताणले जातात, कधी फाटतातही. त्यांना आकसून वर ओढायचं आणि सोडायचं, हा झाला व्यायाम.

कॅथरिन ग्लेझनर आणि सहकाऱ्यांचा हा प्रयोग २००१ साली ‘बीएमजे’त आला. ॲबर्डीन, बर्मिंगहॅम आणि न्यूझीलंडमधलं डनेडिन इथल्या ७४७ जणी, सगळ्या प्रसूतीनंतर तीन महिन्यांनीही लघवी गळत असलेल्या. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. एका गटाला पाचव्या, सातव्या आणि नवव्या महिन्यात नर्सने तपासून व्यायामाचा सल्ला दिला आणि गरजेप्रमाणे लघवी रोखून धरायची सवय शिकवली. दुसऱ्या गटाला नेहमीची देखभाल.

वर्षभराने सल्ला मिळालेल्या गटात ६० टक्के जणींची लघवी गळत होती, दुसऱ्यात ६९ टक्के. तीव्र त्रास मात्र दुसऱ्या गटात ३२ टक्के जणींना होता, सल्ला मिळालेल्या गटात २० टक्के जणींना. फक्त तीन भेटींत इतकं, म्हणजे वाईट नाही.

मग सहा वर्षांनी पुन्हा विचारलं: ७६ विरुद्ध ७९ टक्के. बारा वर्षांनी: ८३ विरुद्ध ८०. फरक संपला.

इथे घाईने असा निष्कर्ष निघतो की व्यायामाचा फायदा टिकत नाही. मला हे वाचन पटत नाही. सुरुवातीला सल्ल्याच्या गटात ८३ टक्के जणी व्यायाम करत होत्या, पण दुसऱ्या गटातही ५५ टक्के करतच होत्या! म्हणजे तुलना ‘व्यायाम विरुद्ध काहीच नाही’ अशी नव्हतीच. ती ‘जास्त शिकवणं विरुद्ध कमी शिकवणं’ अशी होती. आणि सहा वर्षांनी दोन्ही गटांत व्यायाम करणाऱ्यांचं प्रमाण सारखंच, ५० टक्के. करण्यात फरक उरला नाही, तर परिणामात कसा दिसणार? नवव्या महिन्यानंतर शिकवणं थांबलं. बारा वर्षांचे आकडे या थांबण्याबद्दल जास्त सांगतात, स्नायूंबद्दल कमी.

दुसरा आक्षेप मोजमापावर. ‘गळतं की नाही’ या प्रश्नात महिन्यातून एकदा थेंब जाणारी आणि रोज पॅड लावणारी एकाच रकान्यात बसते. पहिल्या वर्षी मोठा फरक तीव्र त्रासातच दिसला होता, पण लक्षात राहतो तो हो-नाहीचा आकडा.

तिसरा: सहा वर्षांनी ५१६ जणी सापडल्या, बारा वर्षांनी ४७१. त्रास असणाऱ्यांनीच जास्त उत्साहाने उत्तरं पाठवली असतील का? शक्य आहे. म्हणून मी एक ढोबळ हिशेब केला. संपर्क तुटलेल्या सगळ्याच जणी ठणठणीत बऱ्या झाल्या असं धरलं, तरी मूळ ७४७ पैकी निम्म्याहून थोड्या जास्त जणींना बारा वर्षांनी त्रास होताच. माझ्या मते या पेपरचं खरं वजन इथे आहे. तिसऱ्या महिन्यात गळत असेल, तर ‘जाईल आपोआप’ हा सल्ला नाही, नुसती आशा आहे.

मग ‘किगल करा’ म्हणणं पुरेसं आहे का? तेही नाही. १९९१ च्या एका छोट्या अभ्यासात ४७ जणींना फक्त तोंडी सांगून व्यायाम करायला लावला. जेमतेम निम्म्या जणींना तो नीट जमला; पाव जणी तर गळणं वाढेल अशा पद्धतीने करत होत्या. गंमत म्हणजे खुद्द अर्नोल्ड किगल यांनी १९४० च्या दशकात हे व्यायाम मांडले ते दाब मोजणाऱ्या उपकरणासोबत. स्नायू खरंच आकसतोय का, हे बाईला काट्यावर दिसायचं. आपण नाव ठेवलं, काटा मात्र सोडून दिला.

पुरावा अजून अपुरा आहे, हेही सांगायला हवं. ४६ प्रयोग आणि १०,८३२ स्त्रिया धरणारा २०२० चा कॉक्रेन आढावा म्हणतो की त्रास नसताना गरोदरपणातच व्यायाम सुरू केला तर गळणं टळण्याची शक्यता बरीच वाढते; पण प्रसूतीनंतर गळतंय म्हणून सुरू केला, तर वर्षाच्या आसपास नेमका किती फायदा होतो याची खात्री देता येत नाही. खात्री नाही म्हणजे उपयोग नाही, असा अर्थ मात्र काढू नका.

सव्वा महिन्यानंतरच्या तपासणीत टाके, बाळाचं वजन, पुढचं मूल कधी हे सगळं बोलून होतं. त्यातच विचारून घ्या: माझे स्नायू बरोबर आकसतायत का, हे कोण तपासून देईल? पेल्व्हिक फ्लोअरचं काम करणारी फिजिओथेरपिस्ट जवळपास असेल तर तिच्याकडे जा. आणि काही महिन्यांनी व्यायाम सुटला तर स्वतःला आळशी ठरवू नका. ॲबर्डीनमध्ये, डनेडिनमध्येही अनेकींचा सुटला होता. अशा वेळी पुन्हा कुणी शिकवायला हवं असतं, आणि ती सोय करणं हे आरोग्यव्यवस्थेचं काम आहे.