रहस्य कोणापासून दडवायचे?

रहस्यपट म्हणजे खून, अंधार आणि बंदुकीचा आवाज, असा समज आपल्या कुटुंबांत अजून दृढ आहे. मुलांना असले चित्रपट पाहू द्यावेत काय, असे एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या वसाहतीतील पालकही आम्हांस विचारतात. आमच्या मते रक्तपाताच्या आधी एक वेगळाच प्रश्न विचारावयास हवा: दिग्दर्शक प्रेक्षकाशी प्रामाणिक आहे काय?

हा प्रश्न नेटकेपणाने मांडणाऱ्यांत एक कॅथलिक धर्मगुरू होते. रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ साली रहस्यकथेसाठी दहा आज्ञाच लिहिल्या. विनोदाने खऱ्या, परंतु केवळ विनोदाने नव्हे. त्यांतील शेवटची अशी, की वाचकाच्या मनाची तयारी केल्याखेरीज जुळी भावंडे वा तोतये कथेत आणू नयेत.

राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (१९६४) या आज्ञेवर घासून पाहावा. (ज्यांनी तो पाहिलेला नाही, त्यांनी हा परिच्छेद वगळावा.) जयंत देवकुळे यांच्या कादंबरीवरील याच चित्रपटावरून राज खोसला यांनी १९६६ मध्ये हिंदीत ‘मेरा साया’ काढला. वकिलाची पत्नी वारते. पुढे हुबेहूब तिच्याच चेहऱ्याची आरोपी स्त्री म्हणते, मीच तुमची पत्नी. पत्नीला जुळी बहीण होती, हे पतीस ठाऊक नाही आणि आपल्यासही नाही. मग ही फसवणूक झाली काय? आम्हांस तसे वाटत नाही. एकाच चेहऱ्याच्या दोन स्त्रिया असल्याचे परांजपे उघडपणे दाखवितात. मृत कोण आणि जिवंत कोण, एवढेच ते राखून ठेवतात. चित्रपट दुसऱ्यांदा पाहताना न्यायालयातील प्रसंग भलतेच जड जातात. स्वतःच्याच पत्नीला खोटी ठरविण्यासाठी झटणारा काशिनाथ घाणेकरांचा वकील आता निराळाच दिसतो. उलगडा ठाऊक झाल्यावरही चित्रपट फिका पडत नाही.

आल्फ्रेड हिचकॉक हे जेझुइटांच्या शाळेत शिकलेले. ‘आय कन्फेस’ (१९५३) मध्ये त्यांनी नेमका उलटा मार्ग धरला. क्वेबेक शहरात चर्चमधील एक नोकर खून करतो आणि त्याच रात्री फादर लोगन यांच्याजवळ पापनिवेदन करतो. खुनी कोण, हे आपल्याला आरंभीच कळते. खुनाच्या वेळी त्याने धर्मगुरूचा झगा चढविलेला असल्यामुळे संशय फादरांवर येतो, आणि पापनिवेदनातील गुप्तता त्यांना मोडता येत नाही. रहस्य पोलिसांपासून दडलेले आहे, प्रेक्षकापासून नव्हे. मॉन्टगोमेरी क्लिफ्ट यांच्या मिटल्या ओठांच्या चेहऱ्यावर कॅमेरा थांबतो, आणि त्यांनी न उच्चारलेले वाक्य आपण मनात उच्चारतो. प्रत्येक कटाक्षाला ढोल बडविणाऱ्या दूरदर्शन मालिकांनी हे अवश्य पाहावे.

फादर बोलून का टाकत नाहीत, हे कॅथलिकेतर प्रेक्षकांना पटले नाही. तेव्हा हा चित्रपट काढावयासच नको होता, असे हिचकॉक पुढे त्रुफो यांच्याजवळ म्हणाले. आम्ही सहमत नाही. पापनिवेदनाच्या खुर्चीजवळ गुडघे टेकलेल्या माणसाला त्या मौनाची किंमत सांगावी लागत नाही.

दोष आहेतच. फादरांच्या पूर्वायुष्यातील प्रेमाची कथा रेंगाळते. शेवटही आम्हांस सोयीचा वाटतो. पुराव्याअभावी सुटलेले फादर न्यायालयाबाहेर येतात, जमाव त्यांची हेटाळणी करतो, आणि इतक्यात खुन्याची पत्नीच पुढे धावून सत्य उघड करू पाहते. फादरांच्या खांद्यावरचे ओझे असे परस्पर उतरते. आमच्या मते ते वाहतच त्यांनी त्या जमावातून घरी जावयास हवे होते.