हेब्रिडीज बेटांवरील गेलिक गीतांचे संकलन : एक चिकित्सा

लोकगीतांचे संकलन ही मोठी वाङ्मयसेवा मानली जाते. मात्र संकलकाने मूळ गीतात केलेला हस्तक्षेप क्वचितच तपासला जातो. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील हेब्रिडीज बेटांवरील गेलिक गीतांच्या दोन संग्रहांच्या आधारे या प्रश्नाचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

यांतील अनेक गीते श्रमाशी निगडित आहेत. नव्याने विणलेले लोकरी कापड घट्ट व्हावे म्हणून स्त्रिया ते भिजवून, फळीभोवती बसून तालात आपटत असत. एक स्त्री ओळ म्हणे आणि इतर जणी ध्रुपद उचलून धरीत. ध्रुपदातील बरीचशी अक्षरे अर्थहीन असतात. परंतु गीताची ओळख त्यांवरूनच पटते. जात्यावरील ओवी जशी दळणाशी, तशी ही गीते त्या कामाशी बांधलेली होती. १८७२ च्या स्कॉटलंडमधील शिक्षण कायद्यात गेलिक भाषेसाठी कोणतीही तरतूद नव्हती. शाळेने दूर ठेवलेल्या या भाषेचा ठेवा मौखिक परंपरेने जपला, म्हणून त्याच्या नोंदीस विशेष महत्त्व आहे.

मार्जरी केनेडी-फ्रेझर (१८५७-१९३०) या १९०५ मध्ये एरिस्के बेटावर गेल्या. १९०९ पासून त्यांच्या ‘साँग्ज ऑफ द हेब्रिडीज’ या संग्रहाचे खंड प्रसिद्ध झाले. त्यांनी फोनोग्राफचा वापर केला, हे त्या काळी उल्लेखनीय होते. परंतु छापताना चालींना पियानोची साथ जोडली गेली आणि केनेथ मॅक्लाउड यांच्या साहाय्याने शब्दही नव्याने घडविले गेले. परिणामी कष्टकरी स्त्रियांचे रोखठोक गीत सभागृहात पोहोचेपर्यंत धूसर, स्वप्नाळू झाले. कवी सॉर्ली मॅक्लीन यांनी १९३० च्या दशकात याच वृत्तीवर कठोर टीका केली.

याउलट अमेरिकेत जन्मलेल्या मार्गारेट फे शॉ (१९०३-२००४) यांनी १९२९ ते १९३५ या काळात साउथ यूइस्ट बेटावर पेगी व मारी मॅक्रे या भगिनींच्या घरी वास्तव्य केले आणि गेलिक भाषा आत्मसात केली. त्यांचा संग्रह १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गेलिक पाठ, भाषांतर व स्वरलिपी यांबरोबरच म्हणी, घरगुती औषधे आणि दैनंदिन जीवनाचे वर्णन आहे. गीत येथे आपल्या परिसरासह येते.

तथापि केनेडी-फ्रेझर यांना केवळ दोषी ठरविणे न्याय्य होणार नाही. या गीतांना बेटांबाहेरचा श्रोता त्यांच्यामुळे लाभला. जुन्या चालीवर नवी रचना करणे हाही अपराध नव्हे. खरा दोष असा की, परंपरेचे कोणते व संकलकाचे कोणते, हे वाचकास वेगळे करता येत नाही. कलाकृती म्हणून तो संग्रह आस्वाद्य असला, तरी पुरावा म्हणून तो सावधपणेच वापरावा लागतो. शॉ यांच्या छापील स्वरलिपीतही गाणारीचा श्वास आणि फळीवरील आघात पूर्णपणे उतरत नाहीत. पण संकलकाची भर तेथे गाणारीच्या नावावर जमा होत नाही.

सारांश, संकलनाचे मूल्य गीताच्या गोडव्यावर ठरत नाही. कोणी गायिले, कोणत्या प्रसंगी गायिले आणि संकलकाने काय बदलले, या तीन प्रश्नांची उत्तरे जो संग्रह देतो तोच विश्वसनीय होय. विद्यार्थ्यांना लोकगीते गोळा करण्यास पाठविणाऱ्या प्राध्यापकांनी ही कसोटी प्रथम आपल्या हाती ठेवावी; कारण गाणारी व्यक्ती निघून गेल्यावर चुकीची नोंद दुरुस्त करण्यास कोणी उरत नाही.