अमेरिकेंतील पहिलीं माणसें आणि अकोस्ताचा ग्रंथ

होसे दे अकोस्ता या स्पॅनिश जेसुइट पाद्र्याचा 'इंडीजचा नैसर्गिक व नैतिक इतिहास' हा ग्रंथ १५९० सालीं सेव्हिल येथें छापला गेला. अमेरिकेंत मनुष्य कोठून आला, याचा त्यांतील ऊहापोह आजच्या वाचकानेंही मुद्दाम पाहावा अशा योग्यतेचा आहे. ग्रंथकार पेरूंत सुमारें १४ वर्षें राहिला होता. अटलांटिसवरून लोक आले, किंवा हे यहुद्यांच्या हरवलेल्या कुळांचे वंशज, असल्या तत्कालीन आवडत्या कल्पना तो बाजूस सारतो.

त्याची खरी मातबरी जनावरांविषयींच्या युक्तिवादांत दिसते. माणसें वादळानें भरकटून गलबतांतून आलीं असें घटकाभर मानूं. परंतु लांडगे-कोल्हे गलबतांत कोणी चढविले? उपद्रवी श्वापदें हौसेनें समुद्रापार नेणारा मनुष्य अजून जन्मावयाचा आहे! तेव्हां जनावरें ज्या वाटेनें आलीं त्याच वाटेनें माणसेंही आलीं, आणि कोठें तरी दोन्ही भूमि जोडलेल्या किंवा अगदीं निकट असल्या पाहिजेत, असा त्याचा निष्कर्ष. बेरिंगचें जहाज त्या सामुद्रधुनींतून गेलें तें १७२८ सालीं. आणि हिमयुगांत समुद्र १०० मीटरांहून अधिक खालीं उतरल्यामुळें सायबेरिया व अलास्का कोरड्या भूमीनें जोडलेले होते, हें तर त्याहून पुष्कळ उशिरा कळलें.

काळाचा प्रश्न मात्र त्याला पेलला नाहीं. सर्व प्राणी नोहाच्या तारवांतून उतरले हें गृहीत धरल्यावर हजारों वर्षांना जागा कोठून उरणार? पण त्याला हंसण्याचें कारण नाहीं. विसाव्या शतकांतील पंडितांपुढें असें बंधन नव्हतें. तरी न्यू मेक्सिकोंत क्लोव्हिसजवळ सांपडलेल्या सुमारें १३,००० वर्षांपूर्वींच्या भाल्यांच्या टोकांपलीकडे पाहण्यास त्यांतले बहुतेक कित्येक दशकें तयार नव्हते. त्याच प्रांतांत व्हाइट सँड्स येथील मानवी पावलांचे ठसे २१,००० ते २३,००० वर्षांपूर्वींचे असल्याचें २०२१ सालीं प्रसिद्ध झालें. बियांवरून केलेल्या या कालमापनावर आक्षेप निघाले, तेव्हां २०२३ सालीं परागकणांवरूनही तोच काळ निघाला. त्या वेळीं कॅनडांतील वाट बर्फानें बंद होती. म्हणजे अकोस्तानें मोडींत काढलेल्या होडीचा विचार, निदान किनाऱ्याकिनाऱ्यानें, पुन्हा करणें भाग आहे.

आमचा आक्षेप दुसराच आहे. त्या लोकांच्या स्वतःच्या उत्पत्तिकथा त्याच्या कानांवर आल्या होत्या. त्या त्याला इतिहासापेक्षां स्वप्नासारख्या वाटल्या, आणि त्यानें त्या थोडक्यांत आटोपल्या. ज्यांच्या पूर्वजांचा शोध चालला त्यांनाच साक्षीस न बोलावण्याची ही रीत पुढें शतकानुशतकें टिकली. मोंटानांत १९६८ सालीं सांपडलेल्या क्लोव्हिसकालीन अर्भकाच्या अस्थि तेथील जमातींच्या उपस्थितींत पुन्हा मातीआड झाल्या, त्या २०१४ सालीं.