अद्भुत कोणाच्या बाजूने उभे राहते?

गेल्या नाताळात वसईहून माझ्या पुतण्याचा फोन आला. त्याच्या बारा वर्षांच्या मुलाकडून 'हॅरी पॉटर'चे पुस्तक काढून घेऊन कपाटावर ठेवले होते. जादूटोण्याची पुस्तके ख्रिस्ती घरात नकोत, असे मुलाच्या आईने कुठल्याशा प्रार्थनासभेत ऐकले होते. मुलगा दोन दिवस कोणाशी बोलला नाही. पुतण्या म्हणाला, "काका, तुम्ही जन्मभर पुस्तकांत डोके घालून बसलात. त्याला काय वाचू द्यावे आणि काय पाहू द्यावे, ते तुम्हीच सांगा."

यादी करणे सोपे होते. परंतु निवड कशाच्या आधारावर करायची, हे न सांगता दिलेली यादी म्हणजे दुसऱ्या कपाटाची किल्ली. म्हणून मी थोडा वेळ मागून घेतला. त्या वेळात जे सुचले ते येथे मांडतो आहे; कारण आपल्या धर्मग्रामांतील अनेक घरांत असे एखादे पुस्तक कपाटावर पडलेले असेल.

मी राहतो ते सिद्धेश्वर हे पूर्णा नदीवरील धरणाचे गाव. नदीच्या वरच्या अंगाला येलदरी, खाली आमचे सिद्धेश्वर. पाटबंधारे खात्यातील नोकरीमुळे येथे आलो आणि निवृत्तीनंतर येथलाच झालो. मिस्सेसाठी दूर जावे लागते, चांगल्या ग्रंथालयासाठी त्याहून दूर. मात्र अद्भुताविषयीचा माझा सर्वांत मोठा धडा मला येथून थोड्याच अंतरावर, औंढ्याच्या नागनाथ मंदिराच्या आवारात मिळाला. मंदिराचा खालचा भाग यादवकाळातील मानतात. मूर्तींनी तो गच्च भरलेला आहे. वरचे शिखर साधे आणि नंतरच्या काळातले, हे पाहताक्षणी कळते. शंकराच्या देवळात नंदी समोर असायचा. येथे तो मागल्या बाजूस आहे. का, असे विचारले की कोणीही सांगेल. जातीने शिंपी असलेल्या नामदेवांना पुढल्या दारातून हाकलले, ते देवळाच्या मागे जाऊन भजन करू लागले, आणि देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरले. नामदेवांचे नरसी याच जिल्ह्यात आहे. शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत आणि देऊळ फिरल्याचा प्रसंग त्यांतही येतो. एवढ्या दूरवर ही कथा गेली.

देऊळ खरोखर फिरले का, या प्रश्नाचे उत्तर वास्तुशास्त्रज्ञ देतील. वाचक म्हणून मला दुसरेच महत्त्वाचे वाटते. या कथेतले अद्भुत कोणासाठी घडते? ज्याला बाहेर काढले त्याच्यासाठी. जो आत बसला आहे त्याच्या सोयीसाठी दगडाचा एक चिराही हलत नाही. आपण शुभवर्तमान वाचतो तेव्हा तेथेही हेच दिसते. कुष्ठरोगी, आंधळा, विधवेचा मुलगा यांच्यासाठी चमत्कार घडतात. सैतान भाकरीचा चमत्कार मागतो, हेरोद करमणुकीसाठी मागतो, तेव्हा प्रभू नकार देतो. अद्भुतरम्य कृती पारखण्याची माझी कसोटी ही एवढीच आहे. जादू आहे की नाही, हे मी विचारत नाही. ती कोणाच्या बाजूने उभी राहते आणि तिची किंमत कोण मोजतो, हे विचारतो. ऐतिहासिक कृतीला याच प्रश्नाचे दुसरे रूप विचारावे: हरलेल्या माणसाला तिने चेहरा दिला का?

या कसोटीवर 'हॅरी पॉटर' मध्यम प्रतीचे ठरते. १९९७ साली आलेला पहिला भाग चपळ आहे, पुढचे काही भाग उगाच फुगलेले. पण त्या साऱ्या कथेच्या मुळाशी, लेकराला वाचवण्यासाठी मरण पत्करणारी एक आई आहे, आणि दुष्टाच्या विद्येला नेमके तेच उलगडत नाही. यात ख्रिस्ती घराने घाबरावे असे मला काही दिसले नाही. पुस्तक मुलाला परत द्यावे, हे मी पुतण्याला त्याच दिवशी कळवले.

त्याहून थोर ग्रंथ टॉल्किनचा. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' १९५४ आणि १९५५ या वर्षांत तीन खंडांत प्रसिद्ध झाला. लेखक श्रद्धावान कॅथलिक होता, तरी पुस्तकात ना चर्च ना प्रार्थनासभा. सर्वांवर सत्ता देणारी अंगठी वापरायची नाही, ती नष्ट करायची, एवढेच कथानक. आणि ते काम बुटक्या, खाण्यापिण्यात रमणाऱ्या, कोणाच्या खिजगणतीत नसलेल्या लोकांवर येते. शेवटी नायक फ्रोडोचाही निर्धार ढळतो. अंगठी नष्ट होते ती गॉलम नावाच्या एका विकृत, चोरट्या जिवामुळे, ज्याला आधी अनेकदा दया दाखवून जिवंत सोडलेले असते. दयेचे फळ इतके उशिरा आणि इतक्या अनपेक्षित रीतीने हाती येताना मी अन्य कोणत्याही कादंबरीत पाहिलेले नाही. २००१ ते २००३ या काळात पीटर जॅक्सनने केलेले तीन चित्रपट देखणे आहेत, लढाया मात्र त्यांत फार वेळ चालतात. मुलाला चित्रपट आधी दाखवले तरी चालेल. पुस्तक पंधराव्या वर्षी द्यावे.

मराठी मुलासाठी याआधीची पायरी म्हणजे 'चांदोबा'. १९५२ पासून मराठीत निघणारे ते मासिक आता बंद पडले आहे, पण जुने अंक रद्दीवाल्यांकडे आणि जुन्या घरांच्या माळ्यावर अजून सापडतात. धरणाच्या वसाहतीत एकेक अंक दहा घरांतून फिरून फाटत असे. त्यातील विक्रम-वेताळाचे शीर्षचित्र चित्रकार शंकर यांचे. हातात तलवार, खांद्यावर प्रेत आणि मागे स्मशान. राजाने मौन पाळले तर काम फत्ते होणार. परंतु न्यायाचा प्रश्न कानावर आला की त्याला गप्प राहवत नाही. तो खरे उत्तर देतो आणि प्रेत पुन्हा झाडावर जाते. खरे बोलण्यासाठी हातातले यश दर महिन्याला गमावणारा हा राजा मला लहान मुलांच्या वाङ्मयातील फार मोठे पात्र वाटतो.

आता पडद्याकडे वळू. दादासाहेब फाळके यांनी १९१० च्या सुमारास मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील एक मूकपट पाहिला. पडद्यावर प्रभू येशूची लीला पाहताना त्यांच्या डोळ्यांसमोर राम आणि कृष्ण उभे राहिले, असे त्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे. त्यातून १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' जन्मला. भारतीय चित्रपटाच्या पाळण्याची दोरी अशी येशूच्या कथेला बांधलेली आहे, हे आपल्या मुलांना ठाऊक असावे. फाळक्यांच्या 'कालिया मर्दन' (१९१९) या चित्रपटाचा बराच भाग आज पाहायला मिळतो. त्यात त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली आहे. प्रारंभी ती केवळ चेहऱ्याने भाव दाखवते. नागाशी झुंजण्याच्या युक्त्यांपेक्षा तेच क्षण माझ्या लक्षात राहिले.

पण मराठी पडद्यावरील अद्भुताचे शिखर म्हणजे १९३६ चा 'संत तुकाराम'. प्रभात कंपनीच्या दामले-फत्तेलाल या जोडीने तो दिग्दर्शित केला, विष्णुपंत पागनीस तुकाराम झाले, आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. चमत्कारांची त्यात रेलचेल आहे. शिवाजीमहाराजांना पकडायला आलेल्या सैनिकांना अनेक शिवाजी दिसू लागतात, शेवटी वैकुंठाचे विमान येते. चमत्कारांची करामत आज थोडी भाबडी दिसेल. तरीही चित्रपट टिकला तो आवलीमुळे, गौरीबाईंनी उभ्या केलेल्या तुकारामांच्या बायकोमुळे. मूल तापाने फणफणले की ती त्याला ओढत देवळात नेते आणि विठोबावर वहाण उगारते. तुकाराम वैकुंठाला निघतात तेव्हाही तिला चूल आणि लेकरे सुटत नाहीत. ज्या घरात दाणा नाही त्या घरातल्या बाईने संताशी कसे नांदावे, हा प्रश्न चित्रपट चमत्कारांखाली बुजू देत नाही. संतांच्या सहचरांची एवढी बूज राखणारा चित्रपट आपल्या संतांवर निघालेला मी पाहिलेला नाही. 'बेन-हर' (१९५९) या अकरा ऑस्करप्राप्त चित्रपटाची शिफारस मी रथांच्या शर्यतीसाठी करीत नाही. त्यात प्रभूचा चेहरा एकदाही दाखवलेला नाही; त्याने पाणी पाजलेल्या गुलामाचा चेहरा तेवढा दिसतो. तो संयम पाहावा.

इतिहासाच्या बाबतीत आपली अडचण जरा खोल आहे. मराठी ऐतिहासिक कादंबरीत वसईचा कॅथलिक माणूस सहसा नसतोच. असले तर फिरंगी असतात आणि ते खलनायक असतात. उलटपक्षी, आपल्या घरांत १७३९ ची गोष्ट सांगितली जाते ती केवळ देवळे पडल्याची. दोन्हीकडे समोरच्याला चेहरा नाही. म्हणून मी मुलाला ना. सं. इनामदारांची 'राऊ' (१९७२) वाचायला सांगितली आहे. वसई जिंकणारे चिमाजी अप्पा तेथे भावाच्या प्रेमात आणि घराण्याच्या अब्रूत चिरडले गेलेले भेटतात. ज्या नावाने आपल्या आजीच्या कपाळावर आठी पडे, त्या नावाचा माणूस असा भेटणे मुलाच्या हिताचे आहे. याच कादंबरीवरून २०१५ साली निघालेला 'बाजीराव मस्तानी' आरसेमहालातच रमतो. तो पाहिला नाही तर काही बिघडणार नाही. रणजित देसाईंची 'स्वामी' (१९६२) गोड आहे, माझ्या पिढीने तिच्यावर अश्रू ढाळले. आज ती मला थोडी अधिकच गोड लागते. विश्वास पाटलांच्या 'पानिपत'मध्ये (१९८८) मात्र पराभव हाच नायक आहे. अन्नावाचून अडकलेल्या छावणीचे ते वर्णन वाचताना घास उतरत नाही.

आणि एक कादंबरी मला वाचायची आहे, ती कोणीतरी लिहावी. वसईच्या विजयानंतर तेथील चर्चच्या घंटा मराठे घेऊन गेले. भीमाशंकरच्या देवळातील घंटेवर क्रूस आणि १७२९ हे साल आहे. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळावर तशीच एक घंटा आहे, तिच्यावर १७२१ साल आहे. एका धातूने दोन समाजांच्या प्रार्थनांना हाक दिली. त्या घंटेच्या तोंडून अडीचशे-तीनशे वर्षांची कथा कोणी सांगितली, तर आपल्या आणि त्यांच्या दोघांच्याही मुलांना ती आपली वाटेल.

मुलाला नव्हे, त्याच्या आईबापांना मी शुसाकू एन्दो या जपानी कॅथलिक लेखकाची 'सायलेन्स' (१९६६) वाचायला सांगितली. आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला क्रूसावर रक्तसाक्षी झाले, १८६२ साली संतपदाला पोहोचले. त्यांची कथा आपण मुलांना दर वर्षी सांगतो, आणि सांगावीच. पण त्यानंतरच्या छळात ज्यांना ते धैर्य झाले नाही, ज्यांनी जीव वाचवण्यासाठी प्रभूच्या प्रतिमेवर पाय ठेवला, त्यांचे काय? एन्दो त्यांची कथा सांगतो. त्यातला किचिजिरो पुन्हा पुन्हा विश्वासघात करतो आणि प्रायश्चित्त संस्कारासाठी पुन्हा पुन्हा पाद्रीबाबाच्या मागे येतो. तो किळसवाणा आहे, आणि तो आपल्यातलाच आहे. २०१६ साली मार्टिन स्कोर्सेसी यांनी यावर संथ, कठीण चित्रपट केला. आपल्या घरात नापास झालेल्या, व्यसनात अडकलेल्या, मिस्सेला न येणाऱ्या मुलाशी कसे बोलावे हे न कळणाऱ्या आईबापांना ही कादंबरी रक्तसाक्षींच्या दहा चरित्रांइतकी उपयोगी पडेल.

चित्रकलेपैकी एकाच माणसाचे नाव घेतो. आंजेलो द फोन्सेका हे १९०२ साली जन्मलेले गोव्याचे कॅथलिक चित्रकार. शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बोस यांच्याकडे ते शिकले, आणि त्यांनी पवित्र मरियेला साडी नेसवली. गोव्यातील अनेकांना तो अधर्म वाटला. फोन्सेका पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात येऊन राहिले आणि १९६७ साली निवर्तले. त्यांची बरीच चित्रे आता पर्वरीच्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चमध्ये आहेत. त्यांची मरिया विहिरीवरून पाणी आणणाऱ्या आपल्या बायांसारखी दिसते. देवदूत अशा बाईच्या दारात येतो तेव्हा अद्भुत कोणाच्या बाजूचे, हे वेगळे सांगावे लागत नाही. हेच काम तीनशे वर्षांआधी फादर स्टीफन्स यांनी शब्दांत केले होते. नवख्रिस्ती लोकांनी सोडलेल्या पुराणांच्या जागी काही वाचायला मागितले, तेव्हा त्यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचले. १६१६ साली ते रायतूरला छापले गेले. स्वर्गाला वैकुंठ म्हणताना त्या इंग्रज जेझुइटाचा हात अडखळला नाही. आपल्या घरात ते पुस्तक असते, पण बहुधा उघडलेले नसते. रोज रात्री जेवणानंतर वीस ओव्या मोठ्याने वाचाव्यात. पहिले आठ दिवस भाषा जड जाईल.

पुतण्याचा मुलगा दिवाळीच्या सुट्टीत येथे येणार आहे. 'हॅरी पॉटर' परत मिळाले, तिसरा भाग चालू आहे, असे त्याने फोनवर सांगितले. त्याच्या आईने तो वाचून झाल्यावर आपणही वाचणार म्हटले आहे. मुलाला मी एक दिवस औंढ्याला नेईन. नंदी कुठे आहे ते त्याचे त्यानेच शोधावे.