बिदागी, उचल, पाकीट : साथीदार का टिकत नाहीत?

मराठीतल्या संगीतविषयक लेखनात गायकाला घराणे असते, गुरू असतो, आवाजाचा पोत असतो. साथीदाराच्या वाट्याला बहुधा शेवटची ओळ येते : ‘तबल्यावर अमुक यांनी अनुरूप साथ केली.’ हा तबलजी त्या कार्यक्रमाला कसा आला, मागच्या महिन्यात तो कोणाबरोबर बसला होता आणि पुढच्या महिन्यात याच गायकाबरोबर असेल का, हे प्रश्न समीक्षेने आपल्या अंगणाबाहेरचे मानले. मला ते अगदी उंबरठ्याच्या आतले वाटतात. चार-पाच माणसांनी मिळून करायचे संगीत किती पिकेल, हे ती माणसे किती काळ एकत्र बसली यावर ठरते.

नागपुरात ऑर्केस्ट्रा, भावगीतांचे कार्यक्रम, भीमगीतांच्या पार्ट्या, लग्नातले संगीत अशी कामे करणाऱ्या वादकांशी बोलताना मी गेली काही वर्षे दोन तक्रारी सतत ऐकत आलो आहे. संच चालवणारा म्हणतो, ‘माणसं टिकत नाहीत.’ वादक म्हणतो, ‘कार्यक्रमच लागत नाहीत.’ पहिल्या तक्रारीत दोष माणसाच्या स्वभावाला दिला जातो, दुसरीत रसिकांच्या बदललेल्या आवडीला. माझ्या मते ही एकच तक्रार आहे, दोन टोकांनी केलेली. आपल्या कलाव्यवसायाने साथीदाराला पैसे देण्याच्या ज्या पद्धती घडवल्या, त्यांची नावे तपासली की हे दिसू लागते.

सर्वांत जुना शब्द बिदागी. बिदा म्हणजे निरोप. गवई, कीर्तनकार, शास्त्री यांना निरोप देताना जे दिले जाते ती बिदागी. ती देणाऱ्याच्या मर्जीवर असते आणि ती घेतली की नाते संपते. शब्दाच्या पोटातच वियोग आहे. एकट्याने फिरणाऱ्या कलावंताला हे चालते. तो एका दारातून दुसऱ्या दारात जातो. पण बिदागीवर संच उभा राहत नाही, कारण तिच्यात उद्याबद्दल काहीच बोललेले नसते.

उद्याबद्दल पहिल्यांदा पद्धतशीर बोलल्या त्या नाटक मंडळ्या. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले आणि संगीत नाटकाची जी परंपरा सुरू झाली, तिच्या यशाचे श्रेय आपण पदांना आणि गळ्यांना देतो. पण मंडळीचे एक बिऱ्हाड होते. नट, पेटीवाला, तबलजी, स्वयंपाकी एका छपराखाली राहत, एका पंगतीला जेवत आणि गावोगाव मुक्काम करत. वादकाला महिन्याचा पगार होता. आज कोणत्या गावी कोणते नाटक, हे त्याला विचारत बसावे लागत नसे. गंधर्व नाटक मंडळीत अहमदजान थिरकवाँसारखा तबलानवाज आणि कादरबक्षांसारखा सारंगिया वर्षानुवर्षे राहिला, याकडे बालगंधर्वांच्या रसिकतेचा आणि उधळेपणाचा पुरावा म्हणून पाहिले जाते. तो पुरावा आहेच. पण बालगंधर्वांचे गाणे आणि थिरकवाँचा तबला यांच्यातल्या ज्या समजुतीचे गोडवे आपण गातो, ती रात्रीमागून रात्री त्याच जागी त्याच माणसाशेजारी बसून आली. त्या रात्रींची हमी पगाराने दिली होती.

मग मंडळ्या फुटल्या का? फुटल्या, पण कुठे फुटल्या ते पाहण्यासारखे आहे. १९११ मध्ये नानासाहेब जोगळेकर गेले आणि १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून त्यांनी गंधर्व मंडळी काढली. टेंबे हे ‘मानापमान’चे संगीतकार आणि नामांकित पेटीवादक. साथीला बसणारा माणूस मालकीत वाटेकरी झाल्याचे हे ठळक उदाहरण. थोड्याच वर्षांत ते वेगळे झाले आणि त्यांनी शिवराज मंडळी काढली. पुढे बोडसही बाहेर पडले. १९१८ मध्ये दीनानाथ मंगेशकर, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांनी उभी केलेली बलवंत मंडळीही भागीदारीचीच होती, आणि चित्रपटाच्या धंद्यात उतरल्यावर तीही टिकली नाही. या काळातल्या नटांची आत्मचरित्रे आपण मानापमानाच्या कहाण्या म्हणून वाचतो : कोण कोणाला काय बोलले, कोणाची भूमिका कोणी पळवली. ती हिशेबाची वही म्हणून वाचली तर वेगळे दिसते. या मोठ्या फुटी प्रामुख्याने भागीदारांच्या पातळीवर झाल्या, जिथे नफा-तोटा वाटायचा होता आणि कर्ज कोणाच्या नावावर हे ठरायचे होते. ज्याला महिन्याच्या महिन्याला पगार मिळत होता त्या साथीदाराला सोडून जाण्याचे कारण कमी होते. पगार थांबला तेव्हा तो गेला. बोलपट १९३१ मध्ये आला. बिऱ्हाडे त्यानंतर मोडत गेली.

दुसरी पद्धत तमाशाच्या फडाची. तिथला शब्द आहे उचल. हंगाम सुरू होण्यापूर्वी फडमालक कलावंताला एकरकमी आगाऊ पैसे देतो आणि ते पुढे पगारातून वळते होतात. बिदागी निघताना मिळते, उचल येताना. बिदागी मोकळे करते, उचल बांधते. ढोलकीवाला हंगामाच्या मध्यात उठून दुसऱ्या फडात जाऊ म्हणेल तर आधी उचल फेडावी लागते. फडमालकाला हे धाडस परवडते, कारण त्याच्याही हातात तारखा असतात. पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावात गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच येतात, सौदा होतो आणि यात्रेची सुपारी ठरते. सुपारी फडाला बांधते, उचल माणसाला. ही साखळी निर्दोष मुळीच नाही. उचल घरच्या लग्नात, आजारपणात संपते, पुढच्या वर्षीची आणखी मोठी लागते आणि कलावंत कर्जाच्या दोरीने फडाला जखडतो. ज्याला आपण निष्ठा म्हणून गौरवतो तिच्यात किती कला आणि किती कर्ज, हे विचारायलाच हवे. तरीही एक गोष्ट कबूल करावी लागते : हलगी, ढोलकी आणि तुणतुणे यांची जी एकजीव लय फडात ऐकू येते, ती महिनोन्‌महिने एका ट्रकमधून फिरलेल्या माणसांची असते.

आता नागपूरच्या जवळ येऊ. पूर्व विदर्भातल्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत दिवाळीनंतर झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम उभा राहतो आणि होळीच्या आसपास उतरतो. धान निघालेले असते, गावात मंडई भरते, पाहुणे येतात आणि रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. गडचिरोली जिल्ह्यातले वडसा हे या व्यवसायाचे केंद्र. नाट्यमंडळांची कार्यालये तिथे, गावकऱ्यांचा सौदा तिथे. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा उरलेल्या महाराष्ट्राने या रंगभूमीकडे थोडे वळून पाहिले. पण तेव्हाही चर्चा नटाची झाली. स्टेजपुढे बसणाऱ्या पेटी, तबला, कीबोर्ड, ऑक्टोपॅडवाल्यांची झाली नाही.

नागपूरचा वादक वडशाला का जातो, हे त्याच्याकडूनच ऐकण्यासारखे आहे. तिथे रात्रीचा दर शहरापेक्षा फार मोठा असतो म्हणून नव्हे. एका वादकाने मला सांगितले, ‘भाऊ, तिथं पुढच्या महिन्याच्या तारखा आज माहीत असतात.’ या वाक्यात माझे सगळे प्रतिपादन आहे. झाडीपट्टीत मोबदला रात्रीवरच मिळतो, पण रात्री एकेकट्या येत नाहीत, माळेने येतात. म्हणून संच बांधता येतो, आणि संच बांधलेला असतो म्हणून नटाने आयत्या वेळी पद वाढवले, प्रेक्षकांनी ‘वन्स मोअर’ मागितला, तरी पेटीवाला गांगरत नाही.

या व्यवस्थेची किंमतही सांगितली पाहिजे. रोज नवे गाव आणि रात्रभराचे जागरण यांत तालमीला वेळ उरत नाही. ठरावीक प्रसंगाला ठरावीक धून वाजू लागते. विनोदी पात्राच्या प्रवेशाला जे वाजले तेच दहा नाटकांत वाजते. विश्वासू साथीदार मिळतो, पण तो विश्वास अनेकदा सवयीवर उभा असतो. आणि होळीनंतर हाच वादक पुन्हा नागपुरात मोकळा असतो.

मोकळा म्हणजे काय? नागपुरात काम नाही असे नाही. गणेशोत्सव, शारदोत्सव, १४ एप्रिल, धम्मचक्र प्रवर्तन दिन, लग्नाचे मुहूर्त, हे सारे आहे. नागोराव पाटणकरांसारख्या कव्वालांनी या शहरात भीमगीतांची जी परंपरा रुजवली तिला श्रोता कधी कमी पडला नाही. पण ही कामे एकाच वेळी दाटतात आणि मग ओसरतात. १४ एप्रिलच्या आगेमागे एका ढोलकीवाल्याला चार पार्ट्या बोलावतात. त्यानंतर जूनपर्यंत कोणी विचारत नाही. अशा वेळी तो चार पार्ट्यांपैकी जास्त पाकीट देणाऱ्याकडे गेला, तर तो बेइमान कसा? त्याला वर्षभर कोणी आपले म्हटलेले नसते. पाकीट हा आजच्या व्यवहाराचा शब्द. बिदागीतला सन्मान त्यात नाही, उचलीतले बंधनही नाही. कार्यक्रम झाला, पाकीट मिळाले, गाठ सुटली. मलाही एका कार्यक्रमात निवेदन करताना दुपारी चार वाजता कळले होते की संध्याकाळचा तबलजी गोंदियाला पोहोचला आहे, कारण तिथे त्याला सलग तीन दिवस मिळत होते. राग आला. पण त्याचा हिशेब चुकीचा आहे असे म्हणता येईना.

यावर नागपूरकरांनी काढलेली जुनी तोड म्हणजे नोकरी. या शहरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकलेल्या वसंतराव देशपांड्यांनीही आयुष्यातली बरीच वर्षे पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात काढली. तिथे वसंतरावांनाही मोकळे राहणे परवडले नाही, तर सामान्य कीबोर्डवाल्याला कसे परवडावे? नवी तोड आहे ट्रॅक. कराओके क्लबांत पेनड्राइव्हवरचा ट्रॅक वाजतो आणि हौशी गायक त्यावर गातो. अनेक ठिकाणी गाण्यासाठी पैसे गायकच भरतो. ट्रॅक उशिरा येत नाही, जास्त पैसे मागत नाही, गोंदियाला जात नाही. बेभरवशाच्या साथीदाराच्या तक्रारीचे हे अगदी चोख उत्तर आहे. फक्त गायक अंतऱ्यावर जरा रेंगाळला तर ट्रॅक त्याच्यासाठी थांबत नाही. साथ या शब्दाचा अर्थ तेवढ्या थांबण्यात होता.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप येईल : मग हा सारा प्रश्न पैशाचाच म्हणायचा का? तसे मला वाटत नाही, आणि त्याचा दाखला विदर्भातच आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या प्रेरणेने गावोगाव उभी राहिलेली भजन मंडळे घ्या. खंजिरी, टाळ, पेटी, मोबदला शून्य. तरी तीच माणसे कित्येक वर्षे एकत्र बसतात, बापाची खंजिरी मुलगा घेतो. मंडळाला काय धरून ठेवते? श्रद्धा तर आहेच, पण तिच्या जोडीला ठरलेली वेळ आणि ठरलेली जागा आहे. मंडळीचा पगार, फडाची उचल, वडशाची माळ आणि मोझरीच्या परंपरेतले भजन यांत समान धागा एकच : पुढच्या वेळी कधी आणि कोणाबरोबर बसायचे, हे आज माहीत असणे. त्याच्या अभावी पैसा वाढवला तरी माणूस टिकत नाही. फक्त महाग होतो.

म्हणून प्रत्येक उत्सवात एकदाच मोठे नाव मुंबईहून आणण्यापेक्षा शहरातल्या एखाद्या सभागृहाने किंवा संस्थेने एखाद्या स्थानिक संचाला वर्षातल्या बारा तारखा दिल्या, तर खर्च फार वाढणार नाही आणि संगीत निश्चित बदलेल. पहिले तीन महिने कदाचित ते सामान्यच असेल. चौथ्या महिन्यात तबलजीला गायकाच्या श्वासाची जागा कळू लागेल. सहाव्या महिन्यात कोणीतरी स्वतःची नवी चाल बांधून आणेल, कारण ती बसवायला माणसे पुढच्या आठवड्यातही असणार आहेत, हे त्याला ठाऊक असेल. आणि आपण समीक्षकांनी एवढे करावे : कार्यक्रम आवडला किंवा पडला, तर लिहिण्यापूर्वी त्या संचाला विचारावे की तुम्ही याआधी एकत्र कधी बसला होता. पुष्कळदा उत्तर ‘आजच’ असे येईल. त्या उत्तरानंतरही गायकाच्या गळ्याबद्दल लिहिता येईल, पण दोष कोणाच्या पदरात घालायचा याचा विचार वेगळा करावा लागेल.