जिभेची साक्ष आणि जनुकांची साक्ष

सरडे, पाली व घोरपडी यांच्या कुळांचे नाते कशावरून ठरवावे? एस्टेस, डी क्वेरोझ व गॉथिएर यांनी १९८८ साली शरीररचनेवरून दोन शाखा मानल्या. एका शाखेत जिभेने भक्ष्य टिपणारे सरडे व त्यांचे सगेसोयरे, दुसरीत पाली-घोरपडी. व्हिडाल व हेजेस यांनी २००५ मध्ये जनुकांवरून सरडा, घोरपड व साप एका शाखेत आणले. पाल आधीच फुटलेली ठरली.

२०१२ साली गॉथिएर व सहकाऱ्यांनी ६१० लक्षणे तपासून जुनाच निष्कर्ष मांडला. परिश्रम दाद देण्याजोगे आहेत. परंतु त्यांच्या वृक्षात बिळात राहणारे, पाय नसलेले प्राणी एकत्र आले. एकाच राहणीतून आलेली लक्षणे कितीही मोजली, तरी साक्षीदार एकच. मराठीत फारसी शब्द पुष्कळ आहेत, म्हणून ती फारसीची कन्या होत नाही. साम्य म्हणजे वंश नव्हे.

रीडर व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दोन्ही पुरावे एकत्र केले, तेव्हा कौल जनुकांकडे गेला. तथापि शरीररचना टाकाऊ नव्हे; कोट्यवधी वर्षांच्या जीवाश्मांत जनुके उरत नाहीत. म्हणून शिक्षकांनी फळ्यावर दोन्ही वृक्ष काढावेत आणि मतभेद नेमका कोठे आहे, हे विद्यार्थ्यांना दाखवावे.