पेन्सिल कोणाच्या हातात?

"इथे 'द' हवा का?" मी विचारलं.

"तुला काय वाटतं? मोठ्याने वाचून बघ. कानाला कसं वाटतंय?" ट्यूटर म्हणाला.

मी वाचलं. कानाला काहीच वाटलं नाही. वाटणार कसं? मी ज्या भाषेत वाढले, तिच्यात 'द' नावाचा प्रकारच नाही. दोन ओळींनंतर मी पुन्हा विचारलं, त्याने पुन्हा माझा कान चाचपला.

अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या रायटिंग सेंटरमधली ही गोष्ट. एम.ए.चं पहिलं सेमिस्टर, आठ पानांचा पेपर, पंचेचाळीस मिनिटांची अपॉइंटमेंट. सेवा मोफत (म्हणजे फीमधून आधीच वसूल). पेन्सिल पूर्ण वेळ माझ्याच हातात होती आणि ती कुठे टेकवायची हे मला कळत नव्हतं. बाहेर पडताना वाटलं, हा मुलगा कामचुकार आहे.

नंतर स्टीफन नॉर्थ यांचा 'द आयडिया ऑफ अ रायटिंग सेंटर' हा निबंध हाती आला आणि लक्षात आलं की तो तत्त्वाला जागत होता. १९८४ साली 'कॉलेज इंग्लिश'मध्ये आलेला हा निबंध या क्षेत्राचा जाहीरनामा मानला जातो. नॉर्थ चिडलेले आहेत, आणि चिडलेत आपल्याच इंग्रजी विभागातल्या सहकाऱ्यांवर. बिघडलेली स्कूटर गॅरेजमध्ये सोडावी तसे हे लोक विद्यार्थ्यांना सेंटरवर सोडतात: जा, व्याकरण दुरुस्त करून आण. नॉर्थ म्हणतात, आमचं काम लेख सुधारणं नाही, लिहिणारा सुधारणं हे आहे.

मला हा राग आवडतो. शुद्धलेखनाच्या लाल रेघांत अडकलेल्या विद्यार्थ्याला 'लेखक' म्हणायला धाडस लागतं. पण त्या निबंधातला लेखक कोण आहे? तो आपणहून येतो, त्याला लिहिण्याची ओढ असते, घाई नसते. मी आले होते कारण दुसऱ्या दिवशी पेपर द्यायचा होता. दहा वर्षांनी, १९९४ मध्ये, नॉर्थनी स्वतःच हा निबंध पुन्हा तपासला आणि आपलं चित्र फारच रोमँटिक होतं असं मान्य केलं. एवढा प्रामाणिकपणा फार थोडे लेखक दाखवतात. मला भेटलेल्या ट्यूटरांच्या तोंडी मात्र पहिलाच निबंध होता.

तत्त्वाची पद्धत झाली की काय होतं ते जेफ ब्रूक्सच्या १९९१ मधल्या 'मिनिमलिस्ट ट्यूटरिंग' या लेखात दिसतं. तुम्ही उजखुरे असाल तर विद्यार्थ्याच्या उजव्या बाजूला बसा, म्हणजे त्याच्या कागदावर लिहिणं तुम्हाला अवघड जाईल. त्याहून बरं म्हणजे हातात पेन्सिलच घेऊ नका. हे वाचून मी मोठ्याने हसले. माझा ट्यूटर खरंच उजवीकडे बसला होता!

हसून झाल्यावर मात्र राग आला. माझ्या वर्गातली ज्यांना परवडायचं ती मुलं पानामागे पैसे मोजून पेपर एडिट करून घेत. 'आम्ही व्याकरण दुरुस्त करत नाही' हे तत्त्व त्यांच्या वाट्याला कधी आलंच नाही. ते आलं मोफत सेवेकडे येणाऱ्यांच्या वाट्याला. ज्याला नियम आधीच अवगत आहेत, त्याला 'तुला काय वाटतं?' हा प्रश्न मोकळीक देतो. ज्याला नाहीत, त्याच्यासाठी ती तोंडी परीक्षा होते.

१९९५ मध्ये लिंडा शमून आणि डेबोरा बर्न्स यांनी नेमकं यावर बोट ठेवलं. त्यांनी उदाहरण घेतलं संगीताच्या मास्टर क्लासचं. तिथे गुरू वाजवून दाखवतो, शिष्य उचलतो, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. आपल्याकडे हे सांगायलाही नको. तालमीला बसलेल्या शिष्याला 'तुला कोमल गंधार कसा वाटतो?' एवढंच विचारून कोणी घरी पाठवत नाही. आधी गंधार लावून दाखवतात. (अर्थात शिष्याने जन्मभर गुरूचाच आवाज काढत राहण्याचा धोकाही आपल्याला चांगला माहीत आहे.)

तरीही त्या पंचेचाळीस मिनिटांवर मला निकाली फुली मारता येत नाही. मोठ्याने वाचता वाचता तिसऱ्या परिच्छेदाशी त्याने थांबवलं. "हे तू कोणाला सांगतेयस? पहिली दोन पानं कोणालाच सांगत नव्हतीस." खरं होतं. ती दोन पानं म्हणजे गाइडमधली प्रस्तावना होती: अनादिकालापासून मानव वगैरे. बारावीपर्यंत आणि नंतर बी.ए.लाही माझं लिखाण तपासलं गेलं, त्यावर मार्क पडले. ते समोर बसून ऐकणारा हा पहिलाच माणूस. ती दोन पानं मी त्याच रात्री उडवली. 'द' मात्र जिथल्या तिथे चुकलेलेच राहिले आणि प्राध्यापकांनी त्याचे मार्क कापले.

आता मीच एका सेंटरवर ट्यूटर आहे. मागच्या आठवड्यात एक मुलगी आली, तिच्याही भाषेत 'द' नाही. मी तिच्या डावीकडे बसले, पेन्सिल घेतली आणि तीन 'द' घालून प्रत्येकाचं कारण सांगितलं. मग पेन्सिल तिच्याकडे सरकवली. चौथा तिने चुकीच्या जागी घातला. पाचवा बरोबर पडला. मग ती म्हणाली, "ते जाऊ दे, मला या शेवटच्या पानाबद्दल विचारायचं होतं," आणि आमची वेळ संपायला सहा मिनिटं उरली होती.